अण्णांचं प्रेशर सतरा

सोमवारपासून सूनबाई पुन्हा कामावर जाणार आणि ठकीला अण्णा सांभाळणार, असं घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे नवऱ्याने सुचवलं, अण्णांनी "त्यात काय एवढं!" म्हणून टाकलं आणि सूनबाई नुसतं "बघू" म्हणाली. तिचं "बघू" म्हणजे होकार नव्हे, हे घरातल्या दोन्ही पुरुषांना अजून कळायचं होतं.

ठकी आठ महिन्यांची. तिला अंघोळ घालायची म्हणजे सूनबाई पाण्यात आधी कोपर बुडवायची, मग मनगट, मग थर्मामीटर. तोवर पाणी निवायचं आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. ठकी झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरून बसायची, श्वास चालू आहे ना ते बघायला. बोटाने गुदगुल्या होऊन ठकीने भोकाड पसरलं की मग हिचा जीव भांड्यात पडायचा. अशी ही बाई लेकराला दिवसभर सासऱ्यांच्या हवाली करून रंगाच्या कारखान्यात रंगाचा दाटपणा मोजायला जाणार होती. आणि नाही गेली तर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती. साहेबांनी हे फोनवर इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं, की फोन ठेवल्यानंतर तिला त्याचा अर्थ लागला.

अण्णांबद्दल तिची तशी काहीच तक्रार नव्हती. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी हयात घालवलेली. अख्ख्या गावाच्या टाक्या सांभाळलेल्या माणसाला एक ठकी जड नव्हती. पण अण्णांना ब्लडप्रेशरची रोज अर्धी गोळी होती, आणि त्या अर्ध्या गोळीचं अख्खं चित्र सूनबाईच्या डोळ्यांसमोर उभं राहायचं: अण्णांनी ठकीला कडेवर घेतलंय, अण्णांना चक्कर येतेय... पुढचं दिसू नये म्हणून ती डोळे मिटायची. मिटल्यावर ते जास्तच स्वच्छ दिसायचं.

तेव्हा शनिवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर तिने ठरवलं, अण्णांचं प्रेशर एकदा मोजायचं. एक चांगला आकडा डोळ्यांनी बघायचा, की सोमवारी सुखाने घराबाहेर पडता येईल. दोन मिनिटांचं काम.

मशीन घरात होतंच. नवऱ्याने ते पंधरा दिवस अभ्यास करून मागवलेलं. त्याने लग्न ठरवतानासुद्धा इतका अभ्यास केला नव्हता, हे त्याने स्वतःच कौतुकाने सांगितलं होतं. सूनबाईने ठकीच्या हातातून मशीन सोडवलं, कारण गेले दोन दिवस ठकी त्याच्याशीच खेळत होती, ओल्या फडक्याने पुसलं आणि अण्णांच्या दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगला, गुरगुरला, मग सुस्कारा टाकून मोकळा झाला. आकडे आले. सूनबाईने ते वाचले, डोळे चोळले आणि परत वाचले.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"सतरा."

"सतरा काय?"

"सतरा पूर्णांक एक. आणि खालचं अकरा."

"बघितलंस?" सोफ्यावरून नवरा म्हणाला. "पूर्णांकाच्या पुढचंही दाखवतं. म्हणून हेच घेतलं."

"अरे, माणसाचं प्रेशर एकशे वीस असतं! अण्णांचं सतरा आलंय!"

आता नवरा उठला. त्याने पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं. सतरा पूर्णांक तीन. "थोडं सुधारलंय," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. "माझ्या गाडीच्या टायरमध्ये तीस असतं, अण्णा. सतरा म्हणजे पंक्चरच."

"म्हणजे माझ्यात टायरइतकीसुद्धा हवा नाही?" अण्णांना आजारापेक्षा ही तुलना जास्त लागली.

सूनबाईने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर बाहेर होते, फोन कंपाउंडरने घेतला. "सतरा? एकशे सतरा असणार. पुढचा एक पुसट दिसत असेल. एकशे सतरा म्हणजे उत्तम!"

"बरं. आणि खालचं अकरा आहे."

"एकशे अकरा?" कंपाउंडरने पुन्हा विचारलं. "एकशे सतराला एकशे अकरा? तसं नसतं हो. खालच्याला एक लावू नका."

"पण मग तो अकराच राहतो!"

"मग वरच्याचाही काढा," कंपाउंडर म्हणाला आणि "संध्याकाळी सातला डॉक्टर येतील, तेव्हा पेशंटला चालवत आणा," एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

चालवत आणा! इकडे अण्णा एव्हाना फरशीवर आडवे झाले होते. उताणे, हात अंगालगत, जणू कुणी पाइप जमिनीवर मांडून ठेवलाय. ठकी त्यांच्या पोटाला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती.

"अण्णा! चक्कर आली का?" सूनबाई धावत जवळ गेली.

"छे! हिशोब केला." अण्णांचा आवाज खणखणीत होता. "प्रेशर मोजतात पाऱ्यात. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. सतरा मिलिमीटर पारा म्हणजे पाणी किती? तेवीस सेंटिमीटर. एक वीत! माझा पंप फक्त एक वीत उंच चढवतोय, सूनबाई. आणि छातीपासून डोकं आहे दीड फुटावर. उभा राहिलो तर वर थेंब पोचणार नाही. आडवा असलो की चढच नाही! सपाटीला एक वीत रग्गड होते."

हे सगळं इतकं बिनचूक वाटत होतं, की बसल्याबसल्या इतका वेळ रक्त डोक्यापर्यंत कसं चढत होतं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. सूनबाई रसायनशास्त्राची पदवीधर. पण पदवी तिची, आणि साडेतेरा पट अण्णांच्या तोंडपाठ, या विचाराने ती इतकी खजील झाली की तिने मुकाट्याने त्यांच्या पायांखाली पाट, पाटावर उशी आणि उशीवर ठकीच्या बाबागाडीतला गादीचा तुकडा ठेवला. "शाब्बास," अण्णा म्हणाले. "पाय म्हणजे उंचावरची टाकी. आता उताराने येईल."

दार उघडंच होतं. समोरच्या काकू वाटी परत करायला आल्या आणि वाटी हातातच धरून उभ्या राहिल्या. "अगंबाई! काय झालं यांना?"

"प्रेशर सतरा आलंय, काकू."

"सतरा?" काकूंनी मनाशी काहीतरी जुळवलं. "अगं, माझ्या कुकरच्या शिट्टीवर पंधरा लिहिलंय. पंधराला शिट्टी होते. हे सतरावर गेले म्हणजे जास्तच की! पाय कसले वर करतेस, डोक्यावर गार फडकं ठेव आधी. वाफ जाऊ दे."

"काकू, कमी झालंय!"

"पंधराच्या वर सतरा कमी कसं?"

कुकरचे पंधरा, टायरचे तीस, माणसाचे एकशे वीस आणि अण्णांचे सतरा, सगळे आकडे सूनबाईच्या डोक्यात एकमेकांना ढकलत एकाच दारातून बाहेर यायला बघत होते. शेवटी दोन्ही उपचार सुरू झाले. पाय उशीवर, कपाळावर गार फडकं. नवऱ्याने साखरमिठाचं पाणी आणलं. आडवं पडून पाणी प्यायचं कसं, यावर अण्णांनी नळी मागितली, कारण उठायला ते बिलकूल तयार नव्हते.

"मशीनच बिघडलं नसेल ना?" सूनबाईने हळूच विचारलं.

नवऱ्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्याच्या घराण्याविषयी शंका काढली होती. "हजारो लोकांनी पाच-पाच तारे दिलेत या मशीनला. पाहिजे तर माझं घे." त्याने दंड पुढे केला. सोळा.

त्याने बसून घेतलं. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तोही आडवा झाला.

काकूंचं अठरा पूर्णांक चार आलं. "सगळ्यांत जास्त माझंच!" त्यांना आधी आनंद झाला, मग आपण कुकरच्या किती वर आहोत ते लक्षात आलं आणि त्यांनी दुसरं फडकं मागितलं. आता एखाद्या विचारी घरात तिघांचे सारखेच विचित्र आकडे आल्यावर मशीनवर संशय गेला असता. या घरात तो इमारतीवर गेला.

याला कारण सोसायटीचे सेक्रेटरी. जिन्यातून जाताना ते "काय गर्दी?" म्हणून डोकावले आणि उत्साहाने दंड पुढे करून सतरा पूर्णांक सहा घेऊन बसले. मग गंभीर झाले. "चौघं, आणि चौघांचं सोळा ते अठरा. याचा अर्थ आपल्या इमारतीतच काहीतरी आहे."

"असणारच," काकू म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून तुम्हाला किती वेळा सांगितलं. आता रक्तही चढेना!"

"पाण्याचा इथे संबंध नाही, वहिनी!"

"संबंध कसा नाही?" फरशीवरून अण्णा गरजले. "दाब तो दाब!"

सेक्रेटरींनी खिशातून मोबाइल काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची सूचना मोठ्याने वाचत लिहायला घेतली: "सर्व सभासदांना कळवण्यात येते, की पुढील सूचना मिळेपर्यंत सर्वांनी शक्यतो आडवे राहावे."

"अहो, नका टाकू!" सूनबाई ओरडली.

"सूनबाई, तुमचं मोजलं का?"

तिचं राहिलंच होतं. एका हातात ठकी, दुसऱ्या दंडाला पट्टा, समोर फरशीवर सासरे आणि नवरा ओळीने झोपलेले, अशा अवस्थेत तिने मोजून घेतलं. वीस पूर्णांक तीन.

"वीस!" सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. तिच्याकडे आदराने बघितलं गेलं. "घरात हिचंच काय ते धड आहे," काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता तूच बघ सगळ्यांचं." आणि त्यांनी सोफ्यावर अंग टाकलं. मग धडधाकट माणूस म्हणून सूनबाई एकटीच पळत राहिली. याला पाणी, त्याला उशी, काकूंना फडकं, सेक्रेटरींना चार्जर. ठकी कडेवर. आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: सोमवार गेला. एक वीत प्रेशरच्या माणसाजवळ मूल ठेवून कोण आई घराबाहेर पडेल? साहेबांना काय सांगायचं, तेही तिने मनात जुळवून टाकलं.

पण त्याआधी शेवटचा उपाय म्हणून तिने मशीनच्या कंपनीला फोन लावला. तिथे बरंच संगीत ऐकवल्यानंतर एक मुलगी बोलली. "मशीन ज्यांच्या नावावर घेतलंय त्यांच्याशीच बोलता येईल, मॅडम."

मशीन अण्णांच्या नावावर होतं, ज्येष्ठ नागरिकांची सवलत मिळावी म्हणून. फोन अण्णांच्या कानाला लावला. अण्णांनी त्या मुलीला पारा, पाणी, वीत आणि पाय-टाकी हे सगळं पहिल्यापासून समजावलं. तिने अधूनमधून "हो सर" म्हटलं आणि शेवटी म्हणाली, "सर, तक्रार नोंदवायला स्क्रीनचा फोटो पाठवावा लागेल. पूर्ण स्क्रीन दिसायला हवी. स्टिकर असल्यास काढून."

इथे खरी अडचण उभी राहिली. अण्णांच्या राज्यात नव्या वस्तूवरचं स्टिकर कधीच निघत नसे. फ्रीजवर फ्रीजची जाहिरात होती, मिक्सरवर मिक्सरची, आणि टीव्हीच्या कडेला "खरेदीबद्दल आभार" ही पट्टी इतकी वर्षं होती, की बातम्यांच्या खाली आभार वाचायची सगळ्यांना सवय झाली होती. मशीनच्या स्क्रीनच्या कोपऱ्यावरही असंच एक सोनेरी स्टिकर होतं, "दोन वर्षांची हमी" असं लिहिलेलं.

"स्टिकर काढलं की हमी गेली," अण्णा म्हणाले.

"अण्णा, कंपनीच सांगतेय काढा म्हणून!"

"तेच तर! आधी काढायला लावतात आणि मग म्हणतात, हमी कुठाय?"

"काढ गं तू," काकू सोफ्यावरून म्हणाल्या. "माणूस राहिला तर हमी."

सूनबाईने एरवी सासऱ्यांचा शब्द मोडला नसता. पण तिने ठकीला नवऱ्याच्या छातीवर ठेवलं, नख घातलं आणि स्टिकर टर्रकन ओढलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले. स्टिकरखाली, आकड्यांच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी होतं. तिने मशीन खिडकीशी नेलं. मिलिमीटर पारा तिथे नव्हताच. तिथे होतं किलोपास्कल.

"अण्णा! हे पाऱ्यात मोजतच नाहीये! किलोपास्कलमध्ये मोजतंय!"

"ते कोण?" काकूंनी विचारलं.

मग कोडं उलगडलं. ठकीने दोन दिवस चघळत, दाबत त्या मशीनचं एकक बदलून ठेवलं होतं. सगळ्यांनी ठकीकडे बघितलं. ती बापाच्या शर्टचं बटण तोंडात घेण्याच्या खटपटीत होती.

"मग किलोपास्कलमधले सतरा म्हणजे आपल्यातले किती?" सेक्रेटरींनी विचारलं आणि सगळ्या माना सूनबाईकडे वळल्या. "तू सायन्सची ना?"

या प्रश्नाची ती लग्न झाल्यापासून वाट बघत होती, आणि नेमकं आज काही आठवेना. हवेचा दाब सातशे साठ मिलिमीटर पारा, हे पक्कं. तोच किलोपास्कलमध्ये एकशे एक, हेही पक्कं. सातशे साठला एकशे एकने भागलं की साडेसात. पण साडेसातने आता गुणायचं की भागायचं? तिने भागलं. सतराला साडेसातने भागून आले दोन पूर्णांक काहीतरी. तिने ते चुकून मोठ्याने म्हटलं.

"दोन!" अण्णा क्षीण आवाजात म्हणाले. "म्हणजे बोटभरसुद्धा नाही." आणि त्यांनी उशीवरचे पाय आणखी वर घेतले.

"नाही, नाही! गुणायचंय! साडेसातने गुणायचं!" तिने मोबाइलवर आकडे बडवले. "अण्णा, एकशे अठ्ठावीस! वरचं एकशे अठ्ठावीस, खालचं ब्याऐंशी! तुम्ही अगदी ठणठणीत आहात!"

अण्णांनी लगेच विश्वास ठेवला नाही. त्यांनी तिच्याकडून साडेसात कुठून आले ते दोनदा वदवून घेतलं, मनातल्या मनात ते पाण्याच्या फुटांत बदललं, "पावणेसहा फूट. पोचतंय डोक्यापर्यंत," असं पुटपुटले आणि ताडकन उठून बसले. नवऱ्याचे सोळा म्हणजे एकशे वीस निघाले. काकूंचे एकशे अडतीस. "थोडं जास्तच," त्या समाधानाने म्हणाल्या, "मी म्हटलं होतंच." सेक्रेटरींचेही बरे निघाले. त्यांनी न पाठवलेली सूचना जड मनाने पुसून टाकली. काकूंनी परत करायला आणलेली वाटी विसरून पुन्हा उचलली आणि दोघं आपापल्या घरी निघाले. दारात काकू थबकल्या.

"अगं, आणि तुझं? तुझं वीस होतं ना?"

सूनबाईने गुणलं. एकशे बावन्न. खालचंही शंभराच्या जवळपास. तिने आकडे पुसून पुन्हा गुणलं, मग नुसतंच मोबाइलकडे बघत उभी राहिली. इतका वेळ सगळ्यांत धडधाकट म्हणून जिला पळवलं होतं, तिचंच तेवढं त्या घरात बिघडलेलं होतं.

"आडवी हो," अण्णा म्हणाले.

"मला काही झालेलं नाही. ठकीची भरवायची वेळ..."

"आडवी हो म्हटलं ना!"

अण्णांची जागा अजून ऊबदार होती. सूनबाई तिथेच, फरशीवर, त्याच उशीवर डोकं टेकून पडली. नवऱ्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मशीनचं माहितीपत्रक उघडलं, एकक बदलून मिलिमीटर पाऱ्यावर आणलं आणि तो वाचू लागला. "धावपळीनंतर मोजू नये. मोजण्याआधी थोडा वेळ शांत पडून राहावं. मोजताना बोलू नये. एक शब्दही नाही. नाहीतर आकडा चुकतो." त्याने तिच्या दंडाला पट्टा बांधला. "आधी नुसती पडून राहा. बोलू नकोस."

बोलू नकोस! तिच्या डोळ्यांदेखत अण्णा ठकीला मांडीवर घेऊन भरवायला बसले होते. लाळेरं पाठीकडे बांधलेलं. वाटीत पातळ पेज, आणि चमचा मोठ्यांचा. ठकीला तो चमचा चालत नाही, ती थुंकते, डोकं असं नाही धरायचं, अण्णा, थोडं वर, अण्णा, हे सगळं सूनबाईच्या ओठांपर्यंत येऊन परत जात होतं. ठकीने पहिला चमचा थुंकला. अण्णांनी तो आपल्या बाहीला पुसला, "व्हॉल्व्ह बंद दिसतोय," असं तिला सांगितलं आणि दुसरा चमचा पुढे केला. ठकी त्यांच्या मिशीकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं. आईने मापून दिलेला तिचा छोटा चमचा स्वयंपाकघरात तसाच पडलेला, आणि ही अण्णांच्या त्या भल्यामोठ्या चमच्यातून पेज ओढत होती. अर्धी अंगावर, अर्धी आत. वाटी संपत आली.

"आता घेतो हं," नवरा म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

पट्टा फुगायला लागला. दंड आवळला गेला. नेमकं तेव्हाच अण्णांनी विचारलं, "सूनबाई, सोमवारी कितीला निघायचंय तुला?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. मग तिने ठकीकडे बघितलं. ठकीच्या नाकाला पेज लागली होती आणि ती अण्णांच्या चष्म्याची काडी धरून हसत होती.

सूनबाईने मोकळा हात वर केला. पाच बोटं दाखवली. मग चार.

"पाच, मग चार," अण्णा म्हणाले. "म्हणजे नऊ? का चोपन्न? एकक सांग बरं आधी. तास की मिनिटं?"

तिला हसू आलं. ते दाबायला गेली तर पोट गदागदा हललं, आणि मग ती फरशीवर पडल्यापडल्या मोठ्याने हसत सुटली. तिला पाहून ठकीही हसायला लागली. पट्टा गुरगुरला, अडखळला, सुस्कारा टाकून सैल पडला. नवऱ्याने स्क्रीनकडे बघितलं. आकडा आलाच नव्हता.

"परत घ्यावं लागेल," तो म्हणाला.

"घे," सूनबाई म्हणाली, आणि डोळे मिटून पडून राहिली.